१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि तिच्यापुढचा इतिहास



राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला, की कारखान्यातला किंवा शेतमजूर संघटनेतला कार्यकर्ता सहसा त्यात रस घेत नाही. कारण उघड आहे. या निवडणुकीत त्याला मत नसते. तिच्या सभा चाळीच्या पटांगणात होत नाहीत, गावच्या पारावर होत नाहीत. आणि निवडून येणारी व्यक्ती मंत्रिमंडळाने पुढे ठेवलेल्या कागदावर सही करते, एवढेच त्याला ठाऊक असते. त्याचा हा समज अगदीच निराधार आहे असेही नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच सांगितले होते, की राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचा प्रतिनिधी आहे, राज्यकर्ता नव्हे.

मग अशा शोभेच्या मानल्या गेलेल्या पदावरून १९६९ साली देशातील सर्वांत मोठा पक्ष दुभंगला, तो कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना व्यक्तींच्या गुणदोषांत अडकून पडण्याचा मोह होतो. त्या काळावरचे पुष्कळसे लिखाण त्याच मोहाला बळी पडले आहे. एका बाजूला धूर्त पंतप्रधान, दुसऱ्या बाजूला खवळलेले वृद्ध पुढारी, असे नाट्य रंगवणे सोपे असते. पण ज्या आकड्यांवर तो निकाल लागला, ते आकडे आले कोठून, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्या तीन निवडणुकांत चुरस नव्हतीच. १९५२ साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांना ५,०७,४०० मतमूल्य मिळाले, तर त्यांच्या विरोधात उभे असलेले प्रा. के. टी. शहा यांना ९२,८२७. मुंबई विद्यापीठातल्या या अर्थशास्त्रज्ञाचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण घटना परिषदेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द घटनेत घालावेत, अशी दुरुस्ती १९४८ मध्येच त्यांनी मांडली होती, आणि राष्ट्रपतीची निवड थेट प्रौढ मतदानाने व्हावी असाही त्यांचा आग्रह होता. दोन्ही सूचना फेटाळल्या गेल्या. केंद्रात आणि बहुतेक राज्यांत एकाच पक्षाची सत्ता असल्यामुळे राष्ट्रपती कोण, हे त्या पक्षाच्या श्रेष्ठींच्या बैठकीत ठरे. मतदान हा त्यानंतरचा उपचार असे.

ही घडी १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीने विस्कटली. लोकसभेच्या ५२० जागांपैकी काँग्रेसच्या हाती २८३ उरल्या. मद्रासमध्ये द्रमुकचे राज्य आले, केरळात कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद पुन्हा मुख्यमंत्री झाले, बंगालमध्ये संयुक्त आघाडी सत्तेवर आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत डॉ. झाकिर हुसेन ४,७१,२४४ मतमूल्य मिळवून विजयी झाले. पण विरोधी पक्षांचे उमेदवार, निवृत्त सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी ३,६३,९७१ पर्यंत मजल मारली. राज्यांतला बदल दिल्लीच्या मतपेटीत उतरू लागला होता. फेब्रुवारी १९६९ च्या मध्यावधी निवडणुकीत बंगालच्या संयुक्त आघाडीने २८० पैकी २१४ जागा जिंकल्या. त्यांत दोन्ही कम्युनिस्ट पक्षांचे मिळून ११० सदस्य होते. आणि ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले.

जुलैमध्ये काँग्रेस महासमितीचे अधिवेशन बंगलोरला भरले. घाईघाईने टिपून काढलेले काही आर्थिक विचार म्हणून पंतप्रधान इंदिरा गांधींनी फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हाती एक टिपण तेथे पाठवले. त्यात बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख होता. ‘सिंडिकेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुढाऱ्यांनी त्यावर फार त्रागा केला नाही. त्यांची नजर राष्ट्रपतिपदावर होती. पक्षाला बहुमत काठावरचे असताना उद्या पंतप्रधान कोणाला म्हणायचे असा पेच उभा राहिला, तर राष्ट्रपती आपला असावा, हा त्यांचा हिशेब. संसदीय मंडळात इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. बहुमताने मात्र नीलम संजीव रेड्डी यांचे नाव मंजूर झाले. मोरारजी देसाई, कामराज आणि मुंबईचे स. का. पाटील रेड्डींच्या बाजूने होते, आणि यशवंतराव चव्हाणांनीही आपले मत रेड्डींच्याच पारड्यात टाकले. फक्रुद्दीन अली अहमद पंतप्रधानांच्या बाजूने राहिले. ही नावे नीट ध्यानात ठेवावीत. पुढील दहा वर्षांच्या राष्ट्रीय राजकारणाची बहुतेक पात्रे त्या एका बैठकीत हजर होती.

त्यानंतरचे पाच-सात दिवस वेगाने गेले. १६ जुलैला मोरारजींचे अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँका वटहुकमाने सरकारच्या ताब्यात आल्या. संसदेचे अधिवेशन दोनच दिवसांवर होते. तरी तेवढाही दम धरला गेला नाही, कारण वटहुकमावर सही करणारे हंगामी राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी दुसऱ्याच दिवशी राजीनामा देणार होते. स्वतंत्र उमेदवार म्हणून त्यांना उभे राहायचे होते. त्यांनी २० जुलैला पद सोडले, आणि उपराष्ट्रपतिपदही त्यांचेच असल्यामुळे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना महिनाभर राष्ट्रपतीचे काम पाहावे लागले.

आता तिसऱ्या उमेदवाराकडे वळले पाहिजे, कारण मराठी वाचकाला तो परका नाही. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले होते. कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घराघरांतून आदराने ओळखले जात. त्यांच्या सचोटीविषयी कोणी ब्रही काढला नव्हता. शिवाय इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती ते अर्थमंत्री असताना, आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेही त्यांच्याच कारकीर्दीत. तेच देशमुख आता बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला कडवा विरोध करणाऱ्या पक्षांचे उमेदवार होते!

आणि गिरी? बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे १९२८ सालचे पुढारी, अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनच्या संस्थापकांपैकी एक, दोनदा आयटकचे अध्यक्ष. १९५४ साली ते केंद्रात श्रममंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत श्रम अपील न्यायाधिकरणाने दिलेल्या निवाड्यात सरकारने कर्मचाऱ्यांचे नुकसान करणारा फेरफार केला, तेव्हा गिरींनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्या सरकारचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. बँकेच्या कारकुनाच्या पगारावरून पंधरा वर्षांपूर्वी विरुद्ध बाजूंना असलेली ही दोन माणसे बँकांच्याच प्रश्नावर पेटलेल्या निवडणुकीत पुन्हा समोरासमोर आली.

रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून खुद्द पंतप्रधानांची सही होती. तरीही काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी पक्षादेश काढण्याची मागणी केली, तेव्हा त्यांनी ती मानली नाही. कारण हाती आयतेच आले होते: देशमुखांच्या मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, म्हणून निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांशी बोलणी करत होते. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पत्र लिहून त्यांच्याकडे त्याचा खुलासा मागितला. अखेरीस प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे आवाहन झाले. शब्द मोठा होता. पण त्या पंधरा दिवसांत दिल्लीत विवेकबुद्धीपेक्षा बेरजा-वजाबाक्याच अधिक चालल्या, हेही नमूद केले पाहिजे.

मतदान १६ ऑगस्टला झाले, मोजणी २० ऑगस्टला. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. म्हणजे गिरी १६,६५४ ने कमी पडले होते. दुसऱ्या पसंतीची मोजणी सुरू झाली आणि रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली. देशमुखांच्या पेटीतून ती बहुतांशी आली, यात नवल नव्हते. निजलिंगप्पांनी बोलणी केली होती ती याचसाठी. गिरींना मिळालेली भर अवघी १८,५६२ होती. पण तेवढी पुरली. अंतिम आकडे गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असे लागले.

या १४,६५० च्या फरकाचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते, तर संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले असते. एकट्या लोकसभेत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे २३ आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे १९ सदस्य १९६७ मध्ये निवडून आले होते, द्रमुकचे २५. त्यावर केरळ, बंगाल आणि मद्रासच्या विधानसभांची मते. पंतप्रधानांच्या बाजूला गेलेल्या काँग्रेसजनांची मते मोठ्या संख्येने होती, पण ती एकटी पुरेशी नव्हती. १९६७ आणि १९६९ साली कलकत्त्याच्या गिरणी वस्त्यांत, मलबारच्या खेड्यांत, तंजावरच्या भातशेतीत पडलेली मते राष्ट्रपतिभवनापर्यंत पोहोचली, ती या मार्गाने. सत्ताधारी पक्षाच्या दोन गटांत जेव्हा जवळजवळ समान बळ उरते, तेव्हा तिसऱ्या शक्तीचे लहान वजनही तराजू हलवते. नोव्हेंबरमध्ये निजलिंगप्पांच्या गटाने पंतप्रधानांना पक्षातून काढले आणि काँग्रेस रीतसर दुभंगली.

गिरींना मत देण्याचा डाव्यांचा निर्णय योग्यच होता. रेड्डींच्या विजयाने स्वतंत्र पक्ष-जनसंघाशी झालेल्या सौद्याला राष्ट्रपतिभवनाचा दरवाजा उघडला असता. पण जे मिळाले ते किती टिकले आणि कशाने टिकले, हेही पाहावे. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द ठरवला. चारच दिवसांत दुसरा वटहुकूम निघाला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने कोसळले, राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली तर डिसेंबर १९७० मध्ये न्यायालयाने तोही आदेश मोडीत काढला. तनखे गेले ते १९७१ च्या निवडणुकीतील प्रचंड बहुमतानंतर, २६ व्या घटनादुरुस्तीने. राष्ट्रपतीच्या सहीने जे साधले नाही ते मतदाराने साधले.

आणि मग मे १९७४. देशभरातील रेल्वे कामगार ८ मेपासून संपावर गेले. त्यांच्या फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना संपापूर्वीच अटक झाली होती. १९६७ साली याच फर्नांडिसांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांचा पराभव केला होता, हे मुंबईच्या कामगाराला सांगावे लागत नाही. हजारो कामगार तुरुंगात गेले, कुटुंबांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढण्यात आले, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. २७ मेला संप मागे घ्यावा लागला. त्या वीस दिवसांत राष्ट्रपतिभवनात कोण होते? रेल्वेमेन्स फेडरेशनच्या संस्थापकांपैकी एक, व्ही. व्ही. गिरी. बँक कर्मचाऱ्यांसाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारा हा माणूस मनाने बदलला होता, असे म्हणायला आधार नाही. मंत्र्याला राजीनामा देता येतो आणि त्याचा राजकीय अर्थ होतो. राष्ट्रपतीला मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे लागते. कामगार चळवळीतले आयुष्य हे उमेदवाराचे भूषण खरे, पण ते कामगारांचे संरक्षण नव्हे.

ऑगस्ट १९७४ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद निवडून आले. त्यांच्या विरोधात क्रांतिकारी समाजवादी पक्षाचे त्रिदिब चौधरी होते, ज्यांनी १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला होता. त्यांना १,८९,१९६ मतमूल्य मिळाले. फक्रुद्दीन अलींना ७,६५,५८७. १९६९ चा तराजू आता पूर्ण एका बाजूला कलला होता. दहा महिन्यांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाला ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत कळली. सल्ला मंत्रिमंडळाचा असावा लागतो, एकट्या पंतप्रधानांचा नव्हे, एवढे म्हणण्याचा अवकाश त्या रात्री राष्ट्रपतींना होता. तो वापरला गेला नाही. पुढे ४२ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला, आणि ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली.

१९७७ साली सदतीस अर्जांपैकी छत्तीस बाद झाले आणि संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. आठ वर्षांपूर्वीचा पराभूत उमेदवार! दोन वर्षांत, सिंडिकेटने १९६९ साली ज्याचा विचार केला होता तोच पेच त्यांच्यापुढे आला. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या अविश्वास ठरावामुळे मोरारजींचे सरकार पडले. रेड्डींनी आधी चव्हाणांना विचारले, ते जमले नाही. मग चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान. लोकसभेला एकदाही सामोरे न जाता चरणसिंगांनी २० ऑगस्टला राजीनामा दिला. जनता पक्षाच्या नेतेपदी तेव्हा जगजीवनराम होते, आणि आपल्याला बोलवावे असा त्यांचा दावा होता. रेड्डींनी त्यांना संधी न देता २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली. बंगलोरच्या बैठकीत ज्याचे नाव रेड्डींच्या नावापुढे पडले होते, तो दलित समाजातून आलेला नेता पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावरून परत गेला. रेड्डींच्या मनात काय होते हे शोधत बसण्यात अर्थ नाही. बहुमत अनिश्चित असते तेव्हा या पदाला खरी सत्ता येते, एवढे त्या ऑगस्टने दाखवून दिले.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात पाहता येईल. १९८७ साली डाव्यांसह विरोधकांचे उमेदवार व्ही. आर. कृष्ण अय्यर, १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळातले मंत्री, यांना २,८१,५५० मतमूल्य मिळाले. २००२ साली आझाद हिंद फौजेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६. हे लढे हरण्यासाठीच लढले गेले, आणि तसे लढणे रास्तच होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली, तेव्हा केंद्रातले मंत्रिमंडळ दुबळ्या आघाडीचे होते. त्याने ती पुन्हा पाठवली नाही. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या विजयात डाव्यांच्या मतांचा वाटा होता. २०१२ साली मात्र डाव्या पक्षांतच एकमत राहिले नाही. काहींनी प्रणव मुखर्जींना मत दिले, काही तटस्थ राहिले.

या सर्व काळात उमेदवारांची चर्चा भरपूर झाली. कोणाचे मत किती किमतीचे, याची चर्चा मात्र क्वचितच. १९७४ साली नवनिर्माण आंदोलनाने गुजरातची विधानसभा बरखास्त करायला लावली, आणि ऑगस्टमधली निवडणूक गुजरातच्या आमदारांविनाच पार पडली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत नसल्याचा अभिप्राय दिला होता. २०२२ साली जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती, म्हणून खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ वरून ७०० वर आले. एका प्रदेशाची जनता मोजणीतून गळली, आणि वर्तमानपत्रांत ती आठ अंकांची तांत्रिक घट म्हणून छापून आली.

याहून मोठा प्रश्न लोकसंख्येचा आहे. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते, आणि ती लोकसंख्या १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने १९७१ च्या आकड्यांवर गोठवली. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. म्हणून २०२२ साली उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत २०८, तमिळनाडूचे १७६, महाराष्ट्राचे १७५, बिहारचे १७३ आणि केरळचे १५२ मोजले गेले. हाच हिशेब २०११ च्या जनगणनेवर केला, तर उत्तर प्रदेश ४९६, बिहार ४२८, महाराष्ट्र ३९०, तमिळनाडू ३०८ आणि केरळ २३९ असे आकडे येतात. तमिळनाडूच्या मागे असलेला बिहार एकदम १२० ने पुढे जातो.

याचा सोपा निवाडा नाही. केरळची लोकसंख्या आटोक्यात आली ती जमीनसुधारणा, शाळा आणि स्त्रियांचे आरोग्य यांवरच्या दीर्घ झगड्याने, आणि त्या झगड्याची शिक्षा म्हणून त्याचे वजन घटणे अन्यायाचे आहे. पण बिहारच्या शेतमजुराला पन्नास वर्षांपूर्वीच्या शिरगणतीने मोजत राहणे, हाही न्याय नव्हे. रोजगारासाठी सुरत, मुंबई, तिरुप्पूरला गेलेला त्याचा मुलगा तर जेथे राबतो तेथे मतदार नसतो, आणि जेथे मतदार असतो तेथे मतदानाच्या दिवशी नसतो.

या हिशेबात बदल करायचा, तर राष्ट्रपतीच्या निवडणुकीची कलमे ५४ व ५५ ही ३६८ व्या कलमाच्या संरक्षणाखाली येतात. संसदेचे दोन-तृतीयांश बहुमत पुरत नाही. किमान निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते. मात्र कोणी काहीच केले नाही, तर ही संमती मागण्याची वेळच येत नाही. नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की ८४ व्या दुरुस्तीने घातलेली मुदत आपोआप संपते, आणि त्यानंतरच्या पहिल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत प्रत्येक राज्याच्या आमदाराची किंमत नव्याने छापली जाते.